पीसीडी : छातीतला कफ रोज बाहेर काढण्याचे तंत्र आणि त्यामागची शिस्त

श्वासनलिकांच्या आतील अस्तरावर अतिशय सूक्ष्म लव असते. वैद्यकात तिला सिलिया म्हणतात. अस्तराच्या एकेका पेशीवर असे सुमारे २०० केस असतात, त्यांची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते आणि ते सेकंदाला १० ते १५ वेळा, एकाच दिशेने, एकापाठोपाठ एक हलत राहतात. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ आणि जंतू ज्या पातळ, चिकट थरात अडकतात, तो थर ही लव अहोरात्र घशाकडे सरकवत असते आणि तिथे पोहोचलेला कफ आपण नकळत गिळून टाकतो. प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया, म्हणजेच पीसीडी, या आनुवंशिक आजारात ही लव जन्मापासूनच निश्चल असते, किंवा हलली तरी बेताल हलते. कफ तयार होत राहतो, पण तो वर येत नाही. साचलेल्या कफात जंतू वाढतात, वारंवार संसर्ग होतो आणि कालांतराने श्वासनलिका कायमच्या रुंद व सैल होतात. या शेवटच्या अवस्थेला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात, आणि ती शक्य तितकी लांबवणे हे पुढील सर्व खटाटोपाचे उद्दिष्ट आहे.

बिघडलेली लव पूर्ववत करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. मात्र या आजारात एक गोष्ट शाबूत असते, ती म्हणजे खोकला. लव जे काम आपोआप करते ते खोकला, श्वासाचे व्यायाम आणि शारीरिक हालचाल यांच्या साहाय्याने जाणीवपूर्वक करता येते. म्हणूनच पहिला नियम असा, की पीसीडी असलेल्या व्यक्तीला खोकला दाबणारे औषध स्वतःहून कधीही देऊ नये. माझ्या मुलीच्या आजाराचे निदान होण्यापूर्वी आम्ही जवळजवळ तीन वर्षे तिला रात्री शांत झोप लागावी म्हणून असेच एक औषध देत होतो, आणि त्या प्रत्येक रात्री कफ जिथल्या तिथे बसून राहत होता. ते औषध लिहून देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण आजाराचे नावच कोणाला सुचले नव्हते.

निदान होईपर्यंत

हा आजार दुर्मीळ आहे. तो नेमका किती जणांना होतो याचे अंदाज ७,५०० जन्मांमागे एक ते २०,००० जन्मांमागे एक असे वेगवेगळे सांगितले जातात. त्यामुळे बालपणीची अनेक वर्षे ‘ॲलर्जी’, ‘बाळदमा’, ‘लहान मुलांना सर्दी व्हायचीच’ अशा शब्दांत निघून जातात. पण या आजाराच्या काही खुणा एकत्र दिसल्या तर शंका घ्यायलाच हवी. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाला पहिल्या एक-दोन दिवसांत विनाकारण धाप लागणे व ऑक्सिजन द्यावा लागणे ही पहिली खूण. जन्मापासून बाराही महिने वाहणारे किंवा चोंदलेले नाक ही दुसरी, वर्षभर कधीही पूर्ण न थांबणारा ओला, घरघरणारा खोकला ही तिसरी, आणि सतत पाणी साचणारे कान ही चौथी. साध्या सर्दीला सुट्टी असते. पीसीडीच्या सर्दीला ती नसते, हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

पाचवी खूण सर्वांत ठळक आहे, पण ती सुमारे निम्म्याच रुग्णांत आढळते. या व्यक्तींचे हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे, म्हणजे सर्व अवयव आरशातल्या प्रतिबिंबासारखे असतात. गर्भातल्या पहिल्या काही आठवड्यांत शरीराची डावी-उजवी बाजू ठरवण्याचे कामही अशाच सूक्ष्म केसांच्या हालचालीवर अवलंबून असते. ती हालचाल नसेल तर बाजू नशिबावर ठरते, आणि म्हणूनच प्रमाण निम्मे-निम्मे पडते. माझ्या मुलीचा छातीचा एक्स-रे काढला तेव्हा तो पाहणाऱ्या गृहस्थांनी फिल्म उलटी लागली असे समजून ती काढून पुन्हा लावली, आणि मग कोपऱ्यातले अक्षर उलटे दिसू लागले. त्या क्षणी खोलीतले सगळेच गप्प झाले. झुरिकचे डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये उलटे अवयव, सायनसचा जुनाट आजार आणि ब्राँकिएक्टॅसिस या तिन्हींची सांगड घातली. यामागे निश्चल लव आहे हे मात्र १९७६ मध्ये ब्यॉर्न आफ्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले. काही रुग्णांत अवयवांची मांडणी अर्धवट बदललेली असते व त्यासोबत हृदयाचे जन्मजात दोष असू शकतात. म्हणून अवयवांची जागा नेहमीची नसेल तर हृदयाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी.

निदानासाठी एकच एक निर्णायक चाचणी नाही, हे आधीच माहीत असले की निराशा कमी होते. नाकातल्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचे प्रमाण बहुतेक रुग्णांत फार कमी असते. साधारण पाच वर्षांपुढील मुलांत ही चाचणी भरवशाची ठरते, मात्र सिस्टिक फायब्रोसिस या, घट्ट कफ साचणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजारातही हे प्रमाण कमी असू शकते, त्यामुळे तो आजार नाही याची खात्री वेगळी करावी लागते. नाकाच्या आतून मऊ ब्रशने घेतलेल्या पेशींची हालचाल वेगवान कॅमेऱ्याने पाहतात, त्यांची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि रक्तातून जनुकीय तपासणी करतात. या आजाराशी संबंधित ५० हून अधिक जनुके आतापर्यंत सापडली आहेत. तरीही पीसीडी असणाऱ्या सुमारे ३० टक्के व्यक्तींत लवेची रचना अगदी व्यवस्थित दिसते, आणि काहींत जनुकीय बदल सापडत नाही. एखादा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून लक्षणे खोटी ठरत नाहीत. ब्रशचा नमुना द्यायच्या आधी काही आठवडे ताजा संसर्ग झालेला नसावा, नाहीतर लव संसर्गामुळेच मंदावलेली दिसते व चाचणी पुन्हा करावी लागते.

रोज दोन वेळा छाती मोकळी करणे

हे या आजारातले खरे काम आहे, आणि बाकी सर्व औषधोपचार त्याच्या भोवती आहेत असे माझे ठाम मत आहे. श्वसनाच्या आजारांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून ते प्रत्यक्ष शिकून घ्यावे आणि निदान वर्षातून दोनदा त्यांच्यासमोर करून दाखवावे, कारण महिन्यामागून महिने करताना पद्धत नकळत ढिली होते. साधारणपणे सकाळी एकदा व संध्याकाळी एकदा, प्रत्येक वेळी १५ ते ३० मिनिटे लागतात. रात्रीची वेळ झोपेच्या अगदी तोंडावर ठेवू नये, कारण मोकळा झालेला कफ नंतरही तासभर वर येत राहतो आणि झोपमोड करतो.

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत श्वासाच्या चक्राची आहे. पाठ ताठ पण खांदे सैल ठेवून बसावे. प्रथम मिनिटभर नेहमीसारखा शांत श्वास घ्यावा. मग तीन ते चार खोल श्वास घ्यावेत, प्रत्येक श्वास आत घेतल्यावर तो सुमारे तीन सेकंद धरून ठेवावा आणि नंतर जोर न लावता सोडावा. श्वास धरण्याला कारण आहे. कफाने अडलेल्या भागाकडे हवा शेजारच्या छोट्या वाटांनी हळूहळू पोहोचते, ती कफाच्या मागे साठते आणि बाहेर पडताना कफाला पुढे ढकलते. धरण्याचा वेळ चुकवला तर व्यायामाचा अर्धा उपयोग गेलाच म्हणून समजावे. यानंतर पुन्हा थोडा वेळ शांत श्वास आणि मग ‘हफ’.

हफ म्हणजे खोकला नव्हे. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर तोंड उघडून ‘हाः’ करतो, तसाच पण अधिक लांब व ठाम उच्छ्वास म्हणजे हफ. खोल तळाशी असलेला कफ हलवायचा असेल तर मध्यम श्वास घेऊन लांब हफ करावा आणि कफ वरच्या मोठ्या नळ्यांत आला की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस हफ करावा. घशाशी आल्यावर मात्र एक-दोनदा नीट खोकून बेडका थुंकून टाकावा. सुरुवातीपासूनच जोरजोरात खोकत राहिल्यास नळ्या मिटतात, दमणूक होते आणि हाती काही लागत नाही. लहान मुले कफ गिळतात, त्याने पोट दुखू शकते किंवा उलटी होऊ शकते. साधारण चार-पाच वर्षांपासून त्यांना थुंकायला शिकवावे, आणि ते घाणेरडे आहे असा भाव घरात कोणाच्याही चेहऱ्यावर दिसू देऊ नये.

हे चक्र पुन्हा पुन्हा करायचे. थांबायचे कधी, याचे उत्तर घड्याळापेक्षा कानाने व हाताने द्यावे. माझा तळहात मी मुलीच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाच्या खाली टेकवते. कफ असला की हफच्या शेवटी हाताला बारीक खरखर जाणवते, जणू आत कोणी कागद चुरगाळते आहे, आणि ती खरखर प्रत्येक चक्रागणिक वर सरकत जाते. लागोपाठ दोन हफ कोरडे, खरखर न होता निघाले की त्या वेळचे काम झाले.

लहान मुलांकडून हे सगळे करून घेणे अवघड जाते. त्यांच्यासाठी पाण्याच्या बाटलीचा उपाय चांगला आहे. उंच बाटलीत फिजिओथेरपिस्ट सांगतील तितके, साधारण १० सेंटिमीटर पाणी घालून त्यात थोडा साबण टाकायचा, नळी तळापर्यंत सोडायची आणि मुलाने नळीतून सावकाश, लांब फुंकर घालून बुडबुडे काढायचे. पाण्याच्या दाबामुळे श्वासनलिका उघड्या राहतात व बुडबुड्यांच्या कंपनाने कफ सुटतो. फेस बाटलीच्या तोंडातून बाहेर ओसंडेपर्यंत फुंकायचे, असा खेळ केला की मुले आपणहून बसतात. मात्र नळीतून पाणी ओढले जाणार नाही याकडे मोठ्यांनी समोर बसून लक्ष द्यावे, आणि प्रत्येक वापरानंतर पाणी ओतून बाटली व नळी धुऊन कोरडी करावी. मोठ्यांसाठी याच तत्त्वावर चालणारी, हातात मावणारी उपकरणे मिळतात. तान्ह्या बाळांना पालकांनी मांडीवर घेऊन छाती थोपटण्याची पद्धत शिकवली जाते, पण डोके छातीच्या खाली झुकेल असे बाळाला धरू नये, कारण पोटातले उलटून घशात येण्याचा धोका असतो.

धावणे, पोहणे, उड्या मारणे, चेंडू खेळणे यांचा फार उपयोग होतो, कारण खोल व जलद श्वासाने कफ सैल होतो. व्यायाम करून लगेच छाती मोकळी करायला बसले तर काम लवकर उरकते. पण खेळले म्हणजे श्वासाचे व्यायाम नकोत, असा हिशेब करू नये.

नेब्युलायझरची (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणाऱ्या यंत्राची) औषधे दिली असतील तर त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. श्वासनलिका रुंद करणारे औषध आधी, मग कफ पातळ करणारे मिठाचे तीव्र द्रावण, त्यानंतर छाती मोकळी करणे, आणि श्वासातून घ्यायचे अँटिबायोटिक सर्वांत शेवटी, कारण ते स्वच्छ झालेल्या नळ्यांपर्यंत पोहोचायला हवे. मिठाच्या द्रावणाने काहींची छाती आवळते, त्यामुळे त्याचा पहिला डोस नेहमी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावा. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये उपयोगी पडणारे डॉर्नेज अल्फा हे औषध पीसीडीत सर्रास वापरायचे नसते. दोन्ही आजारांची लक्षणे मिळतीजुळती असली तरी एकाचे उपचार दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नेब्युलायझरचा कप व मुखपट्टी प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुवावी, बनवणाऱ्यांच्या सूचनेप्रमाणे उकळून किंवा वाफेने निर्जंतुक करावी आणि हवेवर पूर्ण वाळवावी. ओलसर राहिलेला कप हा जंतूंचे घर होतो.

एक गोष्ट अनुभवाने सांगते. व्यायाम चुकतात ते आजारपणात नव्हे, तर छाती हलकी वाटते त्या दिवसांत. आजारी असताना सगळे घर कामाला लागते. पण मूल हसत-खेळत असते, खोकला कमी असतो, तेव्हा ‘आज राहू द्या’ हे शब्द सहज तोंडून निघतात. अशा चार-पाच दिवसांचा कफ कुठेही गेलेला नसतो.

बिघाड वेळेत ओळखणे

आपला ‘नेहमीचा दिवस’ कसा असतो हे लिहून ठेवल्याशिवाय बिघाड कळत नाही. एका वहीत खोकला किती, बेडका कोणत्या रंगाचा व अंदाजे किती, झोप कशी लागली आणि दम कशाने लागला, एवढ्या चार नोंदी पुरतात. खोकला वाढणे, बेडका अधिक घट्ट किंवा गडद पिवळा-हिरवा होणे, भूक मंदावणे, नेहमीच्या जिन्यावर दम लागणे, विनाकारण थकवा येणे यांपैकी दोन-तीन गोष्टी काही दिवस टिकल्या तर ताप नसला तरी डॉक्टरांशी बोलावे. ताप येईलच असे नाही, आणि ताप येण्याची वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात. बेडक्यात रक्त दिसणे, ओठ निळसर होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे अशा वेळी मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.

अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी बेडक्याचा नमुना तपासणीला द्यावा, म्हणजे जंतू कोणता हे कळते. उपचार मात्र अहवालासाठी अडवून धरू नयेत. कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो, म्हणजे साध्या खोकल्यासाठी दिल्या जाणाऱ्या कोर्सपेक्षा लांब. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून तो अर्ध्यावर सोडू नये. या दिवसांत छाती मोकळी करण्याच्या वेळा दोनऐवजी तीन-चार कराव्यात.

तब्येत ठीक असतानाही दर तीन महिन्यांच्या सुमारास बेडक्याची तपासणी आणि पाच-सहा वर्षांपुढे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मोजून फुप्फुसांची क्षमता पाहणारी चाचणी, करून घेण्याची पद्धत आहे. लहानपणी हिमोफिलस इन्फ्लुएंझा हा जंतू जास्त आढळतो, तर वय वाढेल तसे स्यूडोमोनासचे प्रमाण वाढते. स्यूडोमोनास पहिल्यांदा सापडला की तो मुरण्याआधीच घालवण्यासाठी नेटाने उपचार करतात, म्हणून तो अहवाल फाइलमध्ये पडून राहता कामा नये. ज्यांना वारंवार संसर्ग होतो त्यांना अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आठवड्यातून तीनदा, दीर्घकाळ दिले जाते. युरोपात ९० रुग्णांवर सहा महिने केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने आजार बळावण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. ते सुरू करण्याआधी ईसीजी, श्रवणचाचणी आणि क्षयरोगाच्या जातकुळीतले जंतू नाहीत ना याची तपासणी झाली आहे का, हे अवश्य विचारावे.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकसची लस ठरलेल्या वेळी, आणि घरात कोणाचेही धूम्रपान नाही, या तीन बाबतींत तडजोड नको. धूम्रपान गॅलरीत जाऊन केले तरी कपड्यांवरून धूर घरात येतोच.

नाक आणि कान

नाक व सायनसमध्येही हीच लव असते, म्हणून मिठाच्या कोमट पाण्याने नाक रोज धुवावे. पाणी उकळून गार केलेले किंवा निर्जंतुकच असावे, थेट नळाचे कधीही नको. नाक आधी धुऊन मग छातीचे व्यायाम करणे सोयीचे पडते.

कानांकडे दुर्लक्ष होते, आणि त्याचे परिणाम बोलणे व शिक्षण यांवर दिसतात. पडद्यामागे साचलेल्या चिकट पाण्यामुळे मुलाला कमी ऐकू येते, पण ते स्वतः तसे सांगत नाही. टीव्हीचा आवाज वाढवणे, हाक मारल्यावर न वळणे, वर्गात ‘लक्ष नसणे’ हे त्याचे रूप असते. श्रवणचाचणी वर्षातून किमान एकदा व्हावी. कानात नळी बसवण्याचा निर्णय पीसीडी माहीत असलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा, कारण या मुलांत नळी बसवल्यावर कान महिनोन्महिने वाहत राहण्याची शक्यता बरीच असते. त्याऐवजी काही वर्षांपुरते श्रवणयंत्र हा अनेकदा अधिक सुटसुटीत मार्ग ठरतो. मोठे होताना बहुतेकांचे ऐकणे सुधारते.

घराबाहेर, आणि मोठे होताना

शाळेत वर्गशिक्षकांना लेखी कळवावे, की हा खोकला या आजाराचा नेहमीचा खोकला आहे, तो दुसऱ्याला लागत नाही आणि तो थांबवण्याचा प्रयत्न मुलाने करू नये. बेडका थुंकण्यासाठी विचारल्याशिवाय वर्गाबाहेर जाण्याची मुभा मागून घ्यावी. हे पत्र दिल्यानंतर आमच्याकडे सर्वांत मोठा बदल झाला तो असा, की मुलगी दिवसभर खोकला गिळून संध्याकाळी दमून घरी येईनाशी झाली.

ज्यांचे अवयव उलट बाजूला आहेत त्यांनी तशी नोंद असलेले कार्ड पाकिटात व मोबाइलमध्ये ठेवावे. अशा व्यक्तीला अपेंडिक्सचे दुखणे डावीकडे होऊ शकते, ईसीजीचे पट्टे उलट लावावे लागतात, आणि अपघाताच्या वेळी हे सांगायला आपण शुद्धीवर असूच असे नाही. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचे नाव सांगून आधी व नंतर छाती मोकळी करण्याची व्यवस्था करून घ्यावी.

आजार बहुतेक कुटुंबांत दोन्ही पालकांकडून एकेक सदोष जनुक आल्याने होतो. पालक स्वतः ठणठणीत असतात व प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून एका मुलात निदान झाले की भावंडांची तपासणी करावी, आणि पुढचे मूल हवे असल्यास जनुकीय सल्ला घ्यावा. यात दोष कोणाचाच नाही, हे पती-पत्नींनी एकमेकांना आणि मोठ्यांनाही स्पष्ट शब्दांत सांगितलेले बरे.

शुक्राणूंच्या शेपटीची रचना लवेसारखीच असल्याने अनेक पुरुषांत शुक्राणू पुरेसे हलत नाहीत. एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या इक्सी या पद्धतीने त्यांना मूल होऊ शकते. गर्भनलिकांतही अशीच लव असल्याने काही स्त्रियांना गर्भ राहायला वेळ लागतो व गर्भ नलिकेतच राहण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून गरोदरपणाची चाहूल लागताच लवकर सोनोग्राफी करावी. ही माहिती मुलांना लग्न ठरताना नव्हे, तर किशोरवयातच, त्यांच्या डॉक्टरांकडून शांतपणे मिळावी.

दहा-बारा वर्षांच्या वयापासून वही मुलाच्याच हाती द्यावी. आजाराचे पूर्ण नाव, चालू औषधे आणि शेवटच्या बेडक्यात सापडलेला जंतू या तीन गोष्टी त्याने डॉक्टरांना स्वतः सांगाव्यात आणि तपासणीचा काही वेळ पालकांनी बाहेर बसावे. माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. परवा संध्याकाळी मी हात तिच्या पाठीवर ठेवायच्या आधीच तिने स्वतःचा हात बरगड्यांवर ठेवला, एक हफ केला, आणि म्हणाली, “अजून उजवीकडे आहे, आई. दोन चक्रे लागतील.” तिला तीन लागली.